विसमपरिहार : आरोग्याच्या दैनंदिन सवयी आणि तथागतांची कारणमीमांसा

आपल्या समाजात एखादा मनुष्य दीर्घकाळ आजारी पडला की त्याच्या अंथरुणाजवळ बसलेली वडीलधारी मंडळी एक वाक्य हमखास उच्चारतात : "भोग आहेत, भोगल्याशिवाय सुटका नाही." १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण देव्हारे उतरविले, नवस-सायास सोडले, अंगारे-धुपारे टाकले. हे वाक्य मात्र अनेक घरांत अद्याप टिकून आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात वर्षावासातील ग्रंथवाचनासाठी गेलो असता मी ते पुन्हा ऐकले. एका उपासिकेच्या तरुण मुलाचे तोंड खर्‍याच्या व्यसनामुळे दोन बोटेही आत जाणार नाहीत इतके आखडले होते. वाचन संपल्यावर ती माउली जवळ येऊन म्हणाली, "सर, मांगच्या जन्मी यानं काय पाप केलं असन?"

प्रश्न दुःखातून आलेला होता. त्यात अज्ञान शोधण्यापेक्षा त्याला उत्तर देणे अधिक अगत्याचे होते. ते उत्तर पालि वाङ्मयात फार स्पष्टपणे दिलेले आहे. ते काय आहे आणि आपल्या रोजच्या जगण्याशी त्याचा कोणता संबंध आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

मोळियसीवकाचा प्रश्न

संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तात सीवकसुत्त नावाचे एक छोटे सुत्त आहे. भगवान राजगृहातील वेळुवनात विहरत असताना मोळियसीवक नावाचा परिव्राजक त्यांच्याकडे येतो. त्याचे म्हणणे असे : काही श्रमण-ब्राह्मण असे प्रतिपादन करतात की माणसाला जे जे सुख, दुःख किंवा असुख-अदुःख अनुभवास येते, ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळेच होय. याविषयी भगवान गौतमांचे मत काय?

भगवंत हे मत स्पष्ट शब्दांत नाकारतात. असे म्हणणारे लोक स्वतःला प्रत्यक्ष कळणाऱ्या गोष्टींच्याही पलीकडे धावतात आणि जगात जे सत्य म्हणून मान्य आहे त्याच्याही पलीकडे धावतात, असे ते सांगतात. मग ते वेदनेची आठ कारणे मोजून दाखवितात : पित्त, कफ, वात, या तिहींचा सन्निपात, ऋतूतील पालट, विसमपरिहार, उपक्रम म्हणजे बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कर्मविपाक.

आठव्या कारणाच्या अर्थाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माच्या कल्पनेची जी कठोर चिकित्सा केली, ती वाचकांस परिचित आहेच. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट एवढीच की, परंपरेने जपलेल्या पाठातही कर्मविपाक हे आठांपैकी केवळ एक कारण आहे. मिलिंदपञ्हात हाच प्रश्न पुन्हा उपस्थित होतो, तेव्हा नागसेन स्थविर राजा मिलिंदाला सांगतात की कर्मविपाकातून उपजणारे थोडे आणि उरलेल्या कारणांतून उपजणारेच अधिक. म्हणजे आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याच्या गतजन्माचा हिशेब मांडणे हे पालि परंपरेलाही संमत नाही.

'विसमपरिहार' म्हणजे काय?

या आठ कारणांपैकी सहावे कारण आपल्या विषयाचा गाभा आहे. 'परिहार' म्हणजे काळजी घेणे, सांभाळणे. 'विसम' म्हणजे विषम, तोल सुटलेले. स्वतःच्या देहाची देखभाल तोल सोडून करणे म्हणजे विसमपरिहार. अवेळी खाणे, अति खाणे, अपुरी झोप, नशापाणी या सर्व गोष्टी सहजच त्यात येतात.

परंतु अट्ठकथेने दिलेली उदाहरणे याहून वेगळी आहेत आणि ती मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. संयुत्तनिकायावरील सारत्थप्पकासिनी ही अट्ठकथा आचार्य बुद्धघोषांची. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील हे आचार्य विसमपरिहाराची उदाहरणे म्हणून जड ओझी वाहणे, चुना कुटणे, अवेळी हिंडताना सर्पदंश होणे, खड्ड्यात पडणे यांचा उल्लेख करतात. ओझी वाहणारा आणि चुना कुटणारा कोण? तो श्रमिक आहे. त्याच्या शरीराचा तोल त्याच्या चैनीने बिघडलेला नाही, त्याच्या कामाने बिघडलेला आहे. आज ज्यांना आपण व्यवसायजन्य विकार म्हणतो ते या एका ओळीच्या टीकेत आलेले आहेत.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, आजार हा नशिबाचा भाग नसून कारणांचा भाग आहे. आणि जेथे कारण आहे तेथे उपायही शोधता येतो. दुसरी, विसमपरिहाराचा दोष प्रत्येक वेळी एकट्या रोग्याच्या माथी मारता येत नाही. काही सवयी त्याच्या हाती असतात, काही त्याच्या कामाच्या रीतीत असतात, तर काही गावाच्या व शासनाच्या हाती असतात. हा विवेक ठेवूनच आता एकेका सवयीकडे वळू.

आहार : मात्रा आणि वेळ

कोसलनरेश पसेनदी याची कथा संयुत्तनिकायातच आहे. तो द्रोणभर तांदळाचा भात खात असे आणि जेवून धापा टाकीत भगवंतांकडे येई. भगवंतांनी त्याला उपदेश केला नाही, दोषही दिला नाही. त्यांनी मिताहारावरील एक गाथा म्हटली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करावयास सांगितले आणि रोज जेवणाच्या वेळी ती म्हणण्यासाठी शंभर कार्षापणांची दैनिक वृत्ती नेमून दिली. हळूहळू राजाचे जेवण द्रोणावरून नाळीभर भातावर आले, आणि तो हलक्या झालेल्या अंगावरून हात फिरवीत समाधान व्यक्त करू लागला.

या कथेत सवय बदलण्याची रीतच सांगितली आहे. बदल एका दिवसात झाला नाही, क्रमाक्रमाने झाला. आणि तो टिकला तो जेवणाच्याच वेळी आठवण करून देणारे माणूस शेजारी असल्यामुळे. ज्या घरात एकाला मधुमेह वा रक्तदाब आहे, त्या घरातील प्रत्येकाने सुदस्सन व्हावे. मधुमेहाचे नाव अंगुत्तरनिकायातील गिरिमानंदसुत्ताच्या रोगयादीतही आढळते. खुद्द बाबासाहेबांना या विकाराने पुष्कळ त्रास दिला, हेही आपण जाणतो.

यवतमाळच्या ग्रामीण आहाराचा विचार करता आपल्या आजीच्या चुलीवर जे शिजत होते त्याकडे पुन्हा पाहणे उपयुक्त ठरेल. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची व तरोट्याची भाजी, जवसाची चटणी, तीळ हे सर्व या मातीतलेच अन्न होय. कापूस आणि सोयाबीन यांनी शेत व्यापले, ज्वारी मागे पडली आणि ताटात रेशनचा तांदूळ व गहू आला. भाकरीच्या सोबत डाळ, पालेभाजी आणि त्यावर लिंबाची फोड असेल, तर शरीराला प्रथिने व लोह मिळते; लिंबातील आंबटपणामुळे भाजीतील लोह अंगी लागण्यास साहाय्य होते. जेवणाबरोबरच चहा घेतल्यास हेच लोह वाया जाते. रक्तक्षयाने गांजलेल्या स्त्रियांनी ही छोटी गोष्ट ध्यानात ठेवावी.

रात्री उशिरा न जेवण्याचा लाभ भगवंतांनी मज्झिमनिकायातील कीटागिरिसुत्तात स्वानुभवाने सांगितला आहे : आजार कमी, अंग हलके, बळ टिकून. उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणारे उपासक दुपारनंतर भोजन करीत नाहीत. ही प्रथा चांगली आहे, तथापि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारे, गरोदर स्त्रिया, सिकलसेलचे रुग्ण आणि दिवसभर उन्हात राबणारे मजूर यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज असा उपवास करू नये. विनयातच आजारी भिक्खूला तूप, लोणी, तेल, मध व गूळ ही पाच भेसज्जे विकालीही घेण्याची अनुज्ञा आहे. ज्या शास्त्याने नियम केला, त्यानेच रोग्यासाठी तो सैल केला, हे विसरता कामा नये.

मुख : दंतकाष्ठापासून खर्‍यापर्यंत

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात दंतकाष्ठाविषयी सविस्तर नियम आहेत. दात न घासल्याने पाच तोटे होतात असे तेथे म्हटले आहे : डोळ्यांना अपाय होतो, मुखाला दुर्गंधी येते, रसवाहिन्या शुद्ध होत नाहीत, पित्त व कफ अन्नाला वेढतात आणि अन्न रुचत नाही. दंतकाष्ठ आठ अंगुळांहून लांब नसावे आणि चार अंगुळांहून आखूड नसावे, इतक्या बारकाईने ही गोष्ट सांगितलेली आहे. मुखाच्या स्वच्छतेला एवढे महत्त्व देणाऱ्या धम्माचे आपण अनुयायी आहोत.

आता आपल्या मुखाची स्थिती पाहू. विदर्भातील प्रत्येक चौकात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा प्लास्टिकच्या पन्नीत मिळतो. सकाळी अनेक घरांत दात घासले जातात तेही तंबाखूच्या मिश्रीने किंवा गुडाखूने. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी खर्‍याची सवय सुटलेली नाही. शाळकरी मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, निंदणाला जाणाऱ्या बायांपासून कचेरीतील बाबूंपर्यंत ती पसरलेली आहे.

पुष्कळांचा समज असा की दोष तंबाखूचा, सुपारी निरुपद्रवी आहे. हा समज चुकीचा होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात निव्वळ सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले आहे. सुपारीमुळे गालाच्या आतील मऊ त्वचा तंतुमय व ताठर होत जाते, तिखट लागताच आग होते, आणि तोंड उघडणे क्रमाने कमी होते. त्या उपासिकेच्या मुलाचे जे झाले होते ते हेच. आपल्याच हाताची उभी धरलेली तीन बोटे तोंडात जात नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, अथवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दंतवैद्याकडे जाण्यास विलंब करू नये. ताठर झालेली त्वचा पूर्ववत होणे कठीण असते. परंतु खर्रा त्याच दिवशी थांबविल्यास पुढील हानी पुष्कळ अंशी टळते.

तंबाखू पोर्तुगीजांबरोबर भारतात आली. त्यामुळे पालि वाङ्मयात तिचे नाव सापडणार नाही. यावरून कोणी असे म्हणेल की पाचव्या शीलात तंबाखूची बंदी नाही. शब्दाच्या आधारे हे म्हणणे खरे; परंतु पाचव्या शीलातील निर्णायक पद 'पमादट्ठान' हे आहे. ज्याने मनुष्य स्वतःवरचा ताबा गमावतो, जे न मिळाल्यास तो अस्वस्थ होतो आणि घरातील दुधाच्या पैशातून जे विकत घेतो, ते प्रमादाचे स्थान नाही असे कोणत्या आधारावर म्हणावे?

चंक्रमण : चालणे आणि विसावा

चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. वैशालीत भिक्खूंना उत्तमोत्तम भोजनांची निमंत्रणे येत. परिणामी ते सुस्त व रोगट झाले. काही कामानिमित्त तेथे आलेल्या जीवक वैद्याने ही स्थिती पाहून भगवंतांना विनंती केली की भिक्खूंना चंक्रमण आणि जंताघर म्हणजे उष्ण स्नानगृह यांची अनुज्ञा द्यावी. ती देण्यात आली. अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची क्षमता, परिश्रमाची क्षमता, निरोगीपणा, अन्नाचे सम्यक पचन आणि दीर्घकाळ टिकणारी समाधी.

ध्यानात घ्यावे की हा उपाय पोटभर खाऊन बसून राहणाऱ्यांसाठी होता. यवतमाळ, पुसद, वणी यांसारख्या गावांत नोकरी करणारे, खुर्चीवर दिवस काढणारे आणि निवृत्तीनंतर घरी बसलेले जे आपले बांधव आहेत, त्यांनी तो आपल्यासाठी मानावा. रोज अर्धा तास भरभर चालणे त्यांना पुरेसे लाभदायक आहे. दिवसभर कापूस वेचणाऱ्या स्त्रीला मात्र चालण्याचा उपदेश करणे हास्यास्पद होईल. तिच्यासाठी सम परिहार म्हणजे विसावा होय : दर तासाला पाठ सरळ करणे, सावलीत बसणे, पाणी पिणे आणि घरी आल्यावर चुलीच्या कामात इतरांनी हातभार लावणे. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणूनच पालि परंपरा 'सप्पाय' म्हणजे ज्याला जे मानवेल ते, असा शब्द वापरते.

पाणी : जे गाळण्याने जात नाही

भिक्खूच्या परिष्कारांत 'परिस्सावन' म्हणजे पाणी गाळण्याचे फडके असते. पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये, असा सेखिय नियम आहे. पाणी गाळावे, झाकावे, पावसाळ्यात उकळून प्यावे, शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, या सवयी आता बहुतेकांस माहीत आहेत. आचरणात आणणे तेवढे बाकी आहे.

परंतु यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत, विशेषतः केळापूर, झरी-जामणी या बाजूच्या काही गावांत, भूगर्भातील पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड इष्ट, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालण्याजोगे मानले जाते. त्याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात, पुढे सांधे आखडतात आणि हाडे वाकतात. हे फ्लोराइड फडक्याने गाळून जात नाही आणि पाणी उकळूनही जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. तेव्हा अशा गावात वैयक्तिक सवय काय करणार?

येथे व्यक्तीचा हात अपुरा पडतो. बोअरच्या पाण्याची तपासणी करून घेणे, दूषित हातपंपाचे पाणी पिण्यास न वापरणे, पावसाचे पाणी साठविणे, मुलांच्या आहारात दूध व हिरव्या भाज्या वाढविणे एवढे घरी करता येईल. सुरक्षित पाण्याची योजना मात्र ग्रामसभेत मागावी लागेल. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या पूर्वजांनी पाण्याचा हक्क बजावला. त्या हक्काचा उर्वरित अर्थ शुद्ध पाण्याचा हक्क हा आहे.

फवारणी : अट्ठकथेतील चुना कुटणारा आजचा

२०१७ सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशभर पोहोचले ते एका दुःखद कारणाने. कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. शासनास विशेष चौकशी पथक नेमावे लागले. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढलेली होती, त्यामुळे फवारा थेट तोंडावर येत होता. बोंडअळीच्या भीतीने दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती, आणि फवारणाऱ्याच्या अंगावर अनेकदा साध्या सदऱ्यापलीकडे काही नव्हते.

या मृत्यूंनंतर 'मजुरांनी काळजी घेतली नाही' असे म्हणणे सोपे होते. ज्याच्या हाती मजुरी सोडून काहीच नाही, त्याला हातमोजे व मुखवटा कोणी द्यावयाचा? तो देणे हे शेतमालकाचे, विक्रेत्याचे आणि शासनाचे काम आहे. बुद्धघोषांचा चुना कुटणारा मनुष्य आज पाठीवर पंप घेऊन कपाशीत उभा आहे. मालक आणि मजूर दोघांनीही पुढील गोष्टी नियम म्हणून पाळाव्यात.

वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. भर दुपारी फवारू नये, कारण घामेजल्या अंगात विष लवकर शिरते. उपाशीपोटी फवारणीला जाऊ नये. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ पँट, बूट, हातमोजे, चष्मा आणि योग्य मुखवटा वापरावा; ओला रुमाल हा मुखवट्याला पर्याय नव्हे. औषध हाताने ढवळू नये. नोझल तुंबल्यास ते तोंडाने फुंकू नये. त्याच हाताने खर्रा वा बिडी तोंडात घालू नये. आपल्या मनाने औषधांचे मिश्रण करू नये. घरी येताच साबणाने अंघोळ करावी आणि ते कपडे वेगळे धुवावेत. रिकामा डबा पाण्यासाठी वा धान्यासाठी कदापि वापरू नये.

डोळ्यांपुढे अंधारी, घाम, लाळ, मळमळ, छातीत दाटणे, हातपाय थरथरणे यांपैकी काहीही जाणवल्यास ताबडतोब थांबावे, मोकळ्या हवेत यावे, कपडे काढून अंग धुवावे. घरगुती उपायांनी उलटी करविण्याच्या फंदात न पडता रुग्णालय गाठावे आणि औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी सोबत न्यावी, म्हणजे डॉक्टरांना विषाचा प्रकार कळतो. बुद्धघोषांनी उल्लेखिलेल्या सर्पदंशाविषयीही हेच : रात्री शेतात जाताना बॅटरी व बूट असावेत, आणि दंश झाल्यास मांत्रिकाच्या दारी एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

मद्य : रोगांचे घर

दीघनिकायातील सिगालोवादसुत्त हे गृहस्थांचा विनय म्हणून ओळखले जाते. त्यात मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत : धनहानी, कलहवृद्धी, रोगांना आश्रय, अपकीर्ती, निर्लज्जता आणि प्रज्ञेचा ऱ्हास. या यादीत रोग तिसरा आहे. धन व कलह त्याच्या आधी आले आहेत. मद्याने यकृत बिघडते हे वैद्यक सांगते, परंतु त्याआधी घर बिघडते हे भगवंत सांगतात. नागपूरच्या दीक्षाभूमीवर घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्यत्यागाची प्रतिज्ञा आहे, याचे स्मरण ज्यांनी ती घेतली त्यांच्या नातवंडांना करून द्यावे लागते, ही खेदाची बाब होय.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. यवतमाळमधील स्त्रियांनीही बंदीसाठी वेळोवेळी मोर्चे काढले. कायदा हवा की नको याची चर्चा होत राहील. आपल्या लग्नात, आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत दारू नसावी हा ठराव करण्यासाठी मात्र कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडल्यास झटके येण्याचा किंवा भ्रम होण्याचा धोका असतो. म्हणून त्याला हिणविण्याऐवजी डॉक्टरांकडे न्यावे.

सिकलसेल : जेथे कोणाचाच दोष नाही

विदर्भातील बौद्ध, गोंड, परधान आदी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक विकार लक्षणीय प्रमाणात आढळतो. यात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्णपणे मुक्त असण्याची २५ टक्के असते. वाहक मनुष्य सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगतो. हे जनुक टिकून राहिले याचे कारणही विज्ञानाला ज्ञात आहे : वाहकाला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. जेथे हिवताप होता तेथे पिढ्यान्‌पिढ्या हे जनुक राहिले. त्यात ना पाप आहे, ना जातीचा डाग.

तरीही पुष्कळ घरांत हा आजार लपविला जातो; मुलीचे लग्न जुळणार नाही म्हणून तपासणीच केली जात नाही. १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे. विवाहेच्छू तरुण-तरुणींनी विवाहापूर्वी, निदान अपत्याचा विचार करण्यापूर्वी, रक्ततपासणी करून घ्यावी. रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, कडक ऊन, कडाक्याची थंडी आणि अति श्रम टाळावेत, डॉक्टरांनी दिलेली औषधे स्वतःहून बंद करू नयेत, आणि ताप किंवा छातीत दुखणे सुरू झाल्यास त्वरित रुग्णालयात जावे.

या संदर्भात महावग्गात सांगितलेले रोग्याचे पाच गुण आठवतात : जे मानवते ते तो करतो, त्यातही मात्रा जाणतो, औषध घेतो, शुश्रूषा करणाऱ्याला आपला आजार खराखरा सांगतो आणि वेदना सहन करतो. यांतील चौथा गुण आज सर्वांत दुर्मीळ आहे. खर्रा किती खातो, दारू किती पितो, औषध केव्हा सोडले, घरात सिकलसेल आहे की नाही, हे डॉक्टरांपासून लपविणे म्हणजे स्वतःच्या उपचारात स्वतःच अडथळा आणणे होय.

गिलान-उपट्ठान : विहाराचे काम

महावग्गातील तो प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. अतिसाराने पीडित एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते, कारण तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः त्या भिक्खूला स्नान घातले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. मग संघाला बोलावून त्यांनी सांगितले की तुम्हांला येथे आई नाही, वडील नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? त्या भिक्खूच्या गतजन्माविषयी त्यांनी एक शब्दही काढला नाही.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विहारांत वर्षावासाचे वाचन चालते. योगायोग असा की कपाशीवरील फवारणीचा काळही हाच असतो. सायंकाळी शेतातून परतलेले उपासक-उपासिका विहारात एकत्र बसतात. ग्रंथवाचनानंतरची दहा मिनिटे जर आरोग्यासाठी राखून ठेवली, तर फार मोठे काम होईल. एका संध्याकाळी फवारणीची काळजी, दुसऱ्या संध्याकाळी तीन बोटांची मुखपरीक्षा, तिसऱ्या संध्याकाळी गावातील आशाताईंना किंवा आरोग्यसेविकेला बोलावून सिकलसेलची माहिती. विहाराच्या खर्चातून हातमोजे व मुखवट्यांचे काही संच घेऊन ते मजुरांना वापरावयास देता येतील. गावात कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाला औषध आणून द्यावयाचे आहे, याची एक वहीही विहारात ठेवता येईल.

त्या उपासिकेला मी सीवकसुत्ताचा अर्थ सांगितला. मागच्या जन्मी त्याने काही केलेले नाही; या जन्मी तो खर्रा खात आहे, आणि तो खर्रा चौकात त्याला बाराव्या वर्षापासून मिळत आला आहे, एवढेच कारण आहे, असे म्हटले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंग उद्याच दवाखान्यात नेतो त्याले." कारण कळल्याबरोबर तिची पावले उपायाकडे वळली. दुःखाला कारण आहे आणि त्या कारणाचा निरोध करता येतो, हे दुसरे व तिसरे आर्यसत्य आपण रोज ऐकतो. आपल्या देहाच्या बाबतीतही ते तितकेच खरे आहे, आणि त्याचे आचरण उद्या सकाळच्या दात घासण्यापासून सुरू करता येते.